रुग्णाच्या उशाशी उभी असणारी माणसे : सेवकवर्गाच्या व्यवस्थापनाचा एक अभ्यास

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची संख्या, नव्या यंत्रांची छायाचित्रे, देणगीदारांची नामावली आणि लेखापरीक्षित ताळेबंद यांना मानाचे स्थान असते, व ते योग्यच आहे. तथापि या साऱ्या कार्याचा भार ज्यांच्या खांद्यांवर असतो त्या सेवकवर्गाचा उल्लेख बहुधा अखेरच्या आभारप्रदर्शनात एका ओळीत आटोपतो. यंदा आम्ही हा विषय स्वतंत्रपणे मांडण्याचे योजिले आहे. आपल्या देणगीदारांपैकी अनेकजण स्वतः उद्योग-व्यवसाय चालवितात, पाच-पंचवीस माणसांचे पोट त्यांच्या पेढीवर अवलंबून असते. त्यांनाही यातील काही भाग उपयोगी पडेल अशी आशा आहे.

प्रशासन विभागातील आम्ही मंडळी वाणिज्य शाखेतून आलेली असल्याने प्रथम जमाखर्चाच्याच भाषेत बोलतो. एखादे यंत्र विकत घेतले की ते ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसू लागते. दरवर्षी त्याचा घसारा काढला जातो, देखभालीचा वार्षिक करार होतो, ते किती तास चालले याची नोंद राहते आणि ठरलेल्या वेळी ते बंद ठेवून त्याची तपासणी केली जाते. याउलट पंधरा वर्षे अतिदक्षता विभागात काम करून तयार झालेली अधिपरिचारिका ताळेबंदात कोठेही दिसत नाही. ती दिसते उत्पन्न-खर्चाच्या पत्रकात, ‘वेतन व भत्ते’ या एका आकड्यात, आणि तोही खर्चाच्या बाजूला. साहजिकच काटकसरीचा विषय निघाला की प्रथम बोट त्याच आकड्यावर पडते.

धर्मादाय रुग्णालयांच्या बाबतीत हा मोह अधिकच प्रबळ असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६ पासून लागू आहे. तिच्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. हे कर्तव्य आम्ही आनंदाने पार पाडतो. त्यासाठीच तर संस्था स्थापन झाली. परंतु औषधांचे दर आपल्या हाती नसतात, विजेचे बिल थांबत नाही, यंत्राचा हप्ता चुकविता येत नाही. मग ताण शोषून घेण्यासाठी उरतात ती माणसे. एक जागा रिकामी झाली तर ‘पुढच्या महिन्यात पाहू’ असे म्हटले जाते. तो पुढचा महिना पुष्कळदा वर्षभर येत नाही. अशा वेळी निर्धन रुग्णाला दिलेली सवलत प्रत्यक्षात ट्रस्ट देत असतो की रात्रपाळीची परिचारिका, हा प्रश्न विश्वस्तांनी स्वतःला विचारावा असे आम्हास वाटते.

येथे थोडा हिशेब मांडणे अगत्याचे आहे. कारण पुष्कळ देणगीदार आम्हाला सद्भावनेनेच विचारतात की, तीन पाळ्यांना तीन परिचारिका असताना तुम्हाला माणसे कमी कशी पडतात?

समजा, बारा खाटांच्या एका कक्षात प्रत्येक पाळीला दोन परिचारिका हव्या आहेत. दिवसाच्या तीन पाळ्या, म्हणजे सहा हजेऱ्या. वर्षाच्या ३६५ दिवसांच्या झाल्या २,१९० हजेऱ्या. आता सहाच परिचारिका नेमल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला बरोबर ३६५ हजेऱ्या येतात. अर्थात रविवार नाही, दिवाळी नाही, ताप नाही, घरचे लग्न नाही. प्रत्यक्षात एका परिचारिकेच्या वर्षातून ५२ साप्ताहिक सुट्या, समजा ८ सणांच्या सुट्या, ८ नैमित्तिक रजा, १५ अर्जित रजा आणि आजारपण व प्रशिक्षण मिळून १२ दिवस वजा केले, तर ९५ दिवस जातात व कामाचे २७० दिवस उरतात. २,१९० ला २७० ने भागले असता ८.१ येतात. म्हणजे त्या कक्षाला आठांहून किंचित अधिक परिचारिका लागतात. एका जागेसाठी तीन नव्हे, चार माणसे. आणि यात प्रसूती रजेचा विचार अद्याप केलेलाच नाही. पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ पासून कायद्याने दिलेली आहे. ज्या व्यवसायात स्त्रियांची संख्या मोठी, तेथे वर्षभरात कोणी ना कोणी या रजेवर असणारच, हे नियोजनातच गृहीत धरले पाहिजे. तसे न करता प्रत्येक वेळी ‘आता ऐन वेळी काय करायचे?’ म्हणून त्या मुलीलाच अपराधी वाटायला लावणे हे व्यवस्थापनाचे अपयश होय.

हा चौथा माणूस ज्या संस्थेत नसतो, तेथे त्याची जागा ‘डबल ड्यूटी’ भरून काढते. सकाळी आठला आलेली परिचारिका रात्रपाळीची सहकारी न आल्याने थांबते. सलाईनचा वेग, इन्शुलिनचे एकक, सारखी नावे असलेले दोन रुग्ण, सारख्या दिसणाऱ्या दोन कुप्या, या सर्व ठिकाणी शेवटचा पहारा तिचाच असतो. चौदाव्या तासाला तिचे डोळे पहिल्या तासासारखे राहत नाहीत, हे समजण्यास वैद्यकीय शिक्षणाची गरज नाही. रात्री मुंबई-गोवा महामार्गावर गाडी चालविलेल्या कोणालाही ते ठाऊक आहे. म्हणूनच सेवकवर्गाची विश्रांती हा रुग्णाच्या सुरक्षिततेचा भाग मानावा, असे आमचे ठाम मत आहे.

माणसे नोकरी सोडून का जातात, हाही अभ्यासाचा विषय आहे. आमच्या कार्यालयातील राजीनामापत्रांची फाईल चाळली असता बहुतेक पत्रांत ‘घरगुती कारणास्तव’ हे दोन शब्द आढळतात. ते शब्द खोटे नसतात, पण अपुरे असतात. परदेशी जाण्याची संधी किंवा सरकारी नोकरीची निवड ही कारणे आपल्या हाती नाहीत. धर्मादाय संस्था त्या वेतनाशी स्पर्धा करू शकत नाही. मात्र निवांतपणे बसवून विचारले की पुष्कळदा अगदी निराळ्या गोष्टी पुढे येतात. ड्यूटी चार्ट शनिवारी सायंकाळी लागतो आणि सोमवारपासून रात्रपाळी सुरू होते, तेवढ्यात मुलाला सांभाळायला कोणाला बोलवायचे? रजेचा अर्ज दिला तर मंजूर की नामंजूर हे रजेच्या आदल्या दिवसापर्यंत कळत नाही. रुग्णाच्या नातेवाइकांदेखत वरिष्ठांनी आवाज चढविला. यांपैकी एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. चार्ट किमान पंधरा दिवस आधी लावणे, रजेच्या अर्जावर तीन दिवसांत लेखी उत्तर देणे आणि चूक दाखवायची ती दार लावून दाखविणे, एवढ्या तीन शिस्ती वरिष्ठांनी पाळल्या तरी पुष्कळ राजीनामे लिहिलेच जाणार नाहीत.

येथे परिसेविकेचे, म्हणजे सिस्टर इन-चार्जचे, महत्त्व सांगितले पाहिजे. सर्वसाधारणपणे उत्तम परिचारिकेला बढती देऊन परिसेविका केले जाते आणि दुसऱ्याच दिवसापासून तिने माणसे सांभाळावीत अशी अपेक्षा धरली जाते. इंजेक्शन देण्याचे शिक्षण तिला तीन-चार वर्षे दिलेले असते. दोघींमधील वाद मिटविण्याचे, रडणाऱ्या नवशिक्या मुलीला धीर देण्याचे, कामचुकार व्यक्तीला वेळीच समज देण्याचे शिक्षण एक दिवसही नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परिचर्येवरील पुस्तकात व्यवस्थापनासाठी एक स्वतंत्र प्रकरण योजले होते. आपण हजर असताना जे नीट होते ते आपल्या गैरहजेरीतही तसेच व्हावे, हा त्यातील मुख्य विचार. आपल्याकडे आजही एखादी परिसेविका रजेवर गेली की कक्षाचा कारभार विस्कळीत होतो आणि लोक ते तिच्या कर्तबगारीचे प्रमाणपत्र समजतात. वास्तविक ती धोक्याची सूचना आहे.

आता एका कठीण विषयाकडे वळतो. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर, पाळी संपवून तळघरात कपडे बदलण्यास गेल्या असता, अत्याचार झाला. १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत, सुमारे बेचाळीस वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. परिचर्येच्या इतिहासात याला तोड नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या तरुण महिला डॉक्टरची हत्या झाली, तेव्हा त्या प्रदीर्घ पाळीत विश्रांतीसाठी सेमिनार हॉलमध्ये गेल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात आरोग्यसेवकांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. दोन्ही घटनांत अर्धशतकाचे अंतर आहे, आणि दोन्हींत एक साधी वस्तू नव्हती : आतून कडी लावता येईल अशी, वापरात असलेल्या जागेजवळची, उजेडाची खोली. इमारतीचा आराखडा करताना प्रतीक्षागृह, औषध दुकान, उपाहारगृह, वाहनतळ यांची जागा प्रथम ठरते. सेवकांची विश्रांतिका जिन्याखाली उरेल तेवढ्यात बसविली जाते. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली, ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृहाचीही व्यवस्था पाहिली. घराबाहेर पडून रात्रीबेरात्री काम करणाऱ्या स्त्रीला आधी सुरक्षित छप्पर लागते, हे त्या पिढीला नेमके उमगले होते.

याच संदर्भात २०१३ च्या कायद्याचे स्मरण व्यवसाय चालविणाऱ्या आमच्या देणगीदारांना द्यावेसे वाटते. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या प्रत्येक आस्थापनेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिची अध्यक्षा वरिष्ठ महिला कर्मचारी असावी, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात आणि एक सदस्य बाहेरील असावा. समितीच्या सदस्यांची नावे भिंतीवर लावणे पुरेसे नाही. नव्याने रुजू झालेल्या सफाई कामगार स्त्रीला ती वाचून दाखविली पाहिजेत.

सफाई कामगारांवरून कंत्राटी सेवकांचा प्रश्न ओघानेच येतो. आपल्याकडील रुग्णालयांत कक्षसेवकांना ‘मामा’ आणि आयांना ‘मावशी’ म्हणण्याची गोड प्रथा आहे. ती टिकावी. परंतु मावशी म्हणणाऱ्या किती जणांना त्यांचे पूर्ण नाव ठाऊक असते? आणि मावशींचा भविष्य निर्वाह निधी कंत्राटदार खरोखर भरतो काय, हे किती व्यवस्थापनांना ठाऊक असते? नात्याच्या संबोधनाने वेतनपावतीची उणीव भरून निघत नाही. कंत्राटदाराने वेतन थकविल्यास ते देण्याची अंतिम जबाबदारी मूळ नियोक्त्यावर येते, ही कायद्याची भूमिका जुन्या कायद्यात होती व नव्या संहितेतही कायम आहे. यासाठी कंत्राटदाराचे मासिक देयक मंजूर करण्यापूर्वी मागील महिन्याचे वेतन बँक खात्यात जमा झाल्याचा पुरावा व निधीची चलने घ्यावीत. काम अर्ध्या तासाचे आहे, पण ते नियमितपणे करणाऱ्या संस्था थोड्या.

या वर्गाला असलेला दुसरा धोका सुईचा. वापरलेली सुई टोचण्याचे प्रकार डॉक्टर-परिचारिकांप्रमाणेच कचरा उचलणाऱ्यांच्याही बाबतीत घडतात, आणि तेच लोक ते सांगत नाहीत, कारण ‘निष्काळजी’ म्हणून काम जाईल ही भीती. जैववैद्यकीय कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ‘ब’ व धनुर्वात यांची लस देणे आणि कामावर घेताना व नंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. सेवक कायम असो वा कंत्राटी, नियमात फरक नाही. सुई टोचल्यास जखम दाबून रक्त काढू नये, साबण व वाहत्या पाण्याने धुवावी आणि तत्काळ कळवावे. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याचे औषध शक्य तितक्या लवकर, उत्तम म्हणजे दोन तासांच्या आत, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते व ते २८ दिवस घ्यावे लागते. याचा अर्थ असा की, येथे सेवकाचा व्यवस्थापनावरील विश्वास तासांत मोजला जातो. ज्या मामांना साहेबांच्या दारात उभे राहण्याची धास्ती वाटते ते दुसऱ्या दिवशी येतात, किंवा येतच नाहीत.

हीच गोष्ट औषधोपचारातील चुकांना लागू पडते. चूक कळविणाऱ्याला शिक्षा झाली की चुका कमी होत नाहीत, कळविणे कमी होते. अर्थात नशेत कामावर येणे, नोंदवहीत खोटी नोंद करणे अथवा रुग्णाशी दुर्वर्तन यांना क्षमा असू नये; तेथे आरोपपत्र, खुलाशाची संधी व निष्पक्ष चौकशी या क्रमाने कठोर कारवाई व्हावी. पण सारख्या वेष्टनाच्या दोन कुप्या एकाच कप्प्यात ठेवल्यामुळे झालेली चूक ही त्या मुलीची की कप्पा लावणाऱ्या व्यवस्थेची, हे आधी पाहावे. रात्री डुलकी लागलेल्या परिचारिकेला मेमो देण्यापूर्वी तिचा मागील आठवड्याचा चार्ट काढून पाहावा. पुष्कळदा मेमो चार्ट बनविणाऱ्याला द्यावासा वाटेल.

कायदेशीर बाजू थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारच्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. नियुक्तिपत्र देणे आता प्रत्येक कामगाराच्या बाबतीत आवश्यक झाले आहे. ठरावीक मुदतीसाठी नेमलेल्या सेवकाला पाच वर्षांऐवजी एका वर्षाच्या सेवेनंतर उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळू शकते. उपदानाबाबत लहान संस्था हमखास गाफील राहतात. शेवटच्या मासिक वेतनाला २६ ने भागून, १५ ने व सेवेच्या वर्षांनी गुणले की रक्कम निघते. मासिक २६,००० रुपये वेतनावर वीस वर्षांनी निवृत्त होणाऱ्या सेवकाचे ३,००,००० रुपये होतात. असे पाच जण एकाच वर्षी निवृत्त झाले तर पंधरा लाख उभे करण्यासाठी धावपळ होते. त्याची तरतूद दरवर्षीच्या हिशेबात केलेली असली तर निरोप समारंभात शालीबरोबर धनादेशही देता येतो. शाल देऊन धनादेशासाठी हेलपाटे घालायला लावणे हे आम्हास फार अशोभनीय वाटते.

रुग्णांच्या आप्तेष्टांना दोन शब्द. आपला माणूस अंथरुणावर असताना जीव कासावीस होतो, हे आम्ही जाणतो. आरोग्यसेवकांवरील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. तो गुन्हा अजामीनपात्र असून तीन वर्षांपर्यंत कारावास व ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायद्याचे फलक लावून प्रश्न सुटत नाही, हेही खरे. बहुतेक प्रसंग माहिती न मिळाल्याने उद्भवतात. त्यासाठी डॉक्टरांनी ठरलेल्या वेळी, घरच्यांनी नेमलेल्या एका व्यक्तीशी, बसून बोलावे ही जबाबदारी व्यवस्थापनाची आहे. आपणाकडून विनंती एवढीच की, बिलाची तक्रार बिलिंग विभागात वा आमच्या कार्यालयात करावी. कक्षातील सिस्टर दर ठरवीत नाही, ती बदलू शकत नाही, आणि त्याच वेळी तिला पलीकडच्या खाटेवरील रुग्णाचे इंजेक्शन भरायचे असते.

आपल्या देणगीपत्रावर सध्या इमारत निधी, यंत्रसामग्री निधी व निर्धन रुग्ण साहाय्य निधी असे तीन रकाने आहेत. ‘सेवक कल्याण व रजा-राखीव निधी’ असा चौथा रकाना असावा, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. त्यातून प्रथम रजा-राखीव परिचारिकांचे वेतन, त्यानंतर प्रत्येक मजल्यावर एक विश्रांतिका आणि सेवकांच्या लहान मुलांसाठी पाळणाघर या क्रमाने खर्च व्हावा, असे सुचविले आहे. या निधीतून भिंतीवर नाव कोरण्याजोगी वास्तू उभी राहणार नाही, याची कल्पना देणगीदारांना आधीच दिलेली बरी. प्रस्तावाची प्रत व वर मांडलेला हजेऱ्यांचा हिशेब प्रशासकीय कार्यालयात पाहावयास मिळेल.